स्टेपर मोटरच्या वायरींच्या जोड्या मल्टीमीटरने कशा शोधायच्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या प्रिंटरमधून काढलेली चार वायरींची स्टेपर मोटर (ठरावीक छोट्या टप्प्यांनी फिरणारी) आहे, लेबल पुसलं गेलंय, वायरींचे रंग कुठल्याच डायग्रामशी जुळत नाहीत. अंदाजाने ड्रायव्हरला (मोटरला क्रमाने करंट देणाऱ्या बोर्डाला) जोडली तर मोटर नुसती थरथरते, घूंघूं आवाज करते पण फिरत नाही. मल्टीमीटर बीपवर (तार सलग असली की वाजणाऱ्या सेटिंगवर) लावून बघितला तर तो कधी वाजतो, कधी नाही. तर कुठली वायर कुठल्या वायरीची जोडीदार हे ओळखायचं कसं?

पहिली गोष्ट म्हणजे घाबरू नका, मोटर बहुतेक चांगली आहे. थरथरणं हे जोड्या चुकल्याचं अगदी ठरलेलं लक्षण आहे. गणित करून बघा, चार वायरी चार जागी लावायचे एकूण २४ प्रकार होतात, त्यातल्या फक्त ८ प्रकारांत मोटर फिरते (४ मध्ये एका दिशेने, ४ मध्ये उलट्या) आणि उरलेल्या १६ मध्ये थरथरते. म्हणजे डोळे मिटून जोडलं तर तीनात दोन वेळा चुकणारच, त्यात तुमचं काही चुकलं असं नाही.

ती थरथरते का हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं म्हणून दोन मिनिटं देतो. चार वायरींच्या मोटरमध्ये दोन स्वतंत्र कॉइल म्हणजे तारेची वेटोळी असतात, प्रत्येकीची दोन टोकं बाहेर आलेली, दोन कॉइलचा एकमेकींशी तारेने काहीही संबंध नाही. ड्रायव्हरमध्ये पण दोन भाग असतात, एक भाग एका कॉइलसाठी. आता समजा एका भागाला तुम्ही पहिल्या कॉइलचं एक टोक आणि दुसऱ्या कॉइलचं एक टोक असं लावलं, तर प्रत्येक कॉइल दोन भागांच्या मध्ये लटकते. एका स्टेपला कॉइलच्या दोन्ही टोकांना प्लस येतं म्हणजे करंटच नाही, पुढच्या स्टेपला दोन्ही कॉइलमध्ये एकदम करंट, मग परत काही नाही, मग दोन्हीत उलटा करंट. शाफ्टला एकदा इकडे ओढलं जातं एकदा तिकडे, गोल फिरायला जो पुढे पुढे सरकणारा क्रम लागतो तो मिळतच नाही. म्हणून जागच्या जागी थरथर.

आता मोजायचं कसं. सगळ्यात आधी मोटर ड्रायव्हरपासून पूर्ण सोडवा, आणि सोडवताना सप्लाय बंद पाहिजे, बंद म्हणजे खरोखर बंद, बोर्डावरचा लाइट विझेपर्यंत थांबा. चालू ड्रायव्हरमधून मोटरचा कनेक्टर ओढला की कॉइलमधला करंट एकदम तुटतो, कॉइल तो तुटू देत नाही आणि व्होल्टेजचा फटका मारते, तो फटका ड्रायव्हरच्या चिपवर बसतो. मी सुरुवातीला असे दोन ड्रायव्हर घालवलेत, दुसरा घालवला तेव्हा कळलं की पहिला कसा गेला होता. आणि मोटर जोडलेली ठेवून मोजलं तर ड्रायव्हरच्या आतल्या डायोडमधून मीटरला दुसरा रस्ता मिळतो, मग कशाचंही कशाशीही काहीतरी रीडिंग येतं.

मीटर बीपवर नको, ओहमच्या २०० च्या रेंजवर लावा. तुमचा बीप कधी वाजतो कधी नाही याचं कारण बहुधा हेच. बीप किती ओहमच्या खाली वाजायचा हे प्रत्येक मीटरचं वेगळं असतं, बऱ्याच मीटरमध्ये ते साधारण ३० ते ५० ओहमच्या आसपास असतं. नवीन ४२ मिलिमीटर रुंदीच्या मोटरची कॉइल एक-दोन ओहमची असते, तिथे बीप मस्त वाजतो, पण जुन्या प्रिंटर स्कॅनरच्या मोटरी बऱ्याचदा जास्त ओहमच्या असतात, कॉइल अगदी ठणठणीत असते आणि मीटर मात्र गप्प. माणूस समजतो कॉइल तुटली. आकडा बघायची सवय लावा, बीप ही फक्त घाईच्या वेळची सोय आहे.

मोजायच्या आधी दोन्ही प्रोब एकमेकींना टेकवून बघा, शून्य नाही येणार, ०.२ ते ०.५ असं काहीतरी येईल, ती प्रोबच्या वायरीची स्वतःची रेझिस्टन्स. तो आकडा लक्षात ठेवा आणि प्रत्येक रीडिंगमधून वजा करा. कॉइल ३० ओहमची असेल तर याने काही बिघडत नाही, पण दीड ओहमची असेल तर ०.४ ची चूक म्हणजे चांगलीच मोठी झाली ना.

आता वायरींना नावं द्या, रंगाने नाही, कागदी टेपचे चार तुकडे चिकटवून १, २, ३, ४ लिहा. एक प्रोब १ वर ठेवा आणि दुसरा पाळीपाळीने २, ३, ४ वर लावा. एका ठिकाणी आकडा येईल, दोन ठिकाणी मीटर काहीच दाखवणार नाही म्हणजे डावीकडे नुसता १ किंवा ओएल. जिथे आकडा आला ती १ ची जोडीदार. राहिलेल्या दोघी एकमेकींच्या जोडीदार असणार, पण असणार असं समजून सोडून देऊ नका, त्या पण मोजा. कारण दुसरी कॉइल तुटलेली असली तर ते इथेच कळतं, नाहीतर ड्रायव्हरला जोडल्यावर परत तीच थरथर आणि तुम्ही जोड्या उलटसुलट करत बसाल. एक कॉइल तुटलेली आणि जोड्या चुकलेल्या ही दोन दुखणी बाहेरून एकसारखीच दिसतात.

आणि १ चा कुणाशीच आकडा आला नाही तर? तर १ ज्या कॉइलची आहे ती तुटलेली आहे, किंवा प्रोब नीट टेकलेला नाही, जे जास्त वेळा घडतं. कनेक्टरच्या आतले पत्रे इतके बारीक असतात की जाड प्रोब आत पोचतच नाही, कडेच्या प्लास्टिकला टेकतो. अशा वेळी टाचणी किंवा बारीक सुई प्रोबला धरून आत घाला. वायरीच्या वरच्या प्लास्टिकला भोसकून मोजू नका, आतल्या बारीक तारा तुटतात आणि महिन्याभराने मोटर मधेच अडखळायला लागते, तेव्हा कुणाला आठवणारे की आपण इथे टोचलं होतं.

मोजताना शाफ्टला हात लावू नका. स्टेपर मोटर हाताने फिरवली की ती जनरेटर होते आणि ते व्होल्टेज मीटरच्या मोजणीत घुसतं, आकडा वरखाली नाचतो, कधी मायनस पण येतो. ऑटोरेंजचा मीटर असेल तर आकडा स्थिर व्हायला दोन-तीन सेकंद द्या.

दोन्ही जोड्यांचा आकडा जवळजवळ सारखा यायला हवा. माझा ढोबळ हिशोब असा, १० टक्क्यांच्या आत फरक असेल तर मी विचार करत नाही, त्यापेक्षा जास्त असेल तर आधी प्रोब परत टेकवून बघतो आणि तरी तसंच असेल तर कमी आकड्याच्या कॉइलवर संशय घेतो, तिथे आतले वेढे एकमेकांना चिकटलेले असू शकतात. मोटर गार असताना मोजा. तांब्याची रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण ०.४ टक्का वाढते, म्हणजे २५ डिग्रीला मोजलेली कॉइल ८० डिग्रीला वीसेक टक्के जास्त दाखवेल आणि आत्ताच तासभर चालवलेली मोटर मोजून डेटाशीटशी ताडत बसलात तर डोकं फिरेल. शेवटी एकदा मीटर मोठ्या रेंजवर, मेगाओहमच्या, टाकून प्रत्येक वायर आणि मोटरची धातूची बॉडी यांच्यात बघा, काहीच यायला नको. इथे मात्र प्रोबच्या टोकांना बोटं लागू देऊ नका, मोठ्या रेंजवर मीटर तुमच्या अंगाचीच रेझिस्टन्स दाखवतो. छोट्या रेंजवर बोटं लागली तरी चालतं.

बरं, आता या मोजणीतून काय कळलं आणि काय नाही हे नीट समजून घ्या, कारण सगळा गोंधळ इथेच होतो. मीटरने एवढंच सांगितलं की कुठली टोकं आतून एकाच तारेची आहेत. कॉइलचं सुरुवातीचं टोक कुठलं आणि शेवटचं कुठलं, ए कॉइल कुठली आणि बी कुठली, हे ओहममध्ये दिसत नाही, दिसणारच नाही, तार दोन्हीकडून सारखीच आहे. लोक यावर खूप डोकेफोड करतात, ए प्लस कुठली ए मायनस कुठली. चार वायरींच्या मोटरला त्याची गरजच नाही. जोड्या बरोबर असल्या की मोटर फिरणारच, फार तर उलटी फिरेल. उलटी फिरली तर कुठल्याही एकाच कॉइलच्या दोन वायरींची अदलाबदल करा. दोन्ही कॉइलच्या केल्या तर परत पहिलीच दिशा येते, हे मी लोकांना तीन-तीन वेळा करताना बघितलंय, आणि मग ते म्हणतात काही केलं तरी दिशा बदलत नाही. सॉफ्टवेअरमधून दिशा बदलता येत असेल तर वायरींना हात पण लावू नका.

रंगांबद्दल. काळा-हिरवा एक जोडी आणि लाल-निळा दुसरी, हे बऱ्याच मोटरींना लागू पडतं, आणि बऱ्याच मोटरींना लागू पडत नाही. एकाच आकाराच्या, बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन मोटरींत रंगांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि मोटरवर बाहेरून लावायची केबल असेल तर रंग केबलचे असतात, मोटरचे नाहीत. ४२ मिलिमीटरच्या बऱ्याच मोटरींना मागे सहा पिनांचा सॉकेट असतो, त्यात १ आणि ३ एक कॉइल, ४ आणि ६ दुसरी, मधल्या २ आणि ५ रिकाम्या अशी रचना खूप वेळा सापडते. केबलच्या दुसऱ्या टोकाला चारच पिना. आता काही केबल सरळ असतात आणि काहींत मधल्या दोन वायरी मुद्दाम अदलाबदल केलेल्या असतात, कारण त्या वेगळ्या बोर्डासाठी बनवलेल्या असतात.

याने माझी एक अख्खी संध्याकाळ गेली होती. मोटर सॉकेटवर मोजली, जोड्या एकदम चोख, लिहून घेतल्या, केबल लावली, ड्रायव्हरला लावलं, थरथर. परत मोजली, परत चोख. ड्रायव्हर बदलला, तीच थरथर. सप्लायवर संशय, कोडवर संशय, शेवटी रात्री उशिरा केबलच्या ड्रायव्हरकडच्या टोकाला मीटर लावला तेव्हा दिसलं की जोड्या तिथे १-३ आणि २-४ झाल्यात. तेव्हापासून नियम म्हणजे नियम, मोजायचं ते ड्रायव्हरमध्ये जे टोक घुसणार आहे तिथेच. मोटरजवळ मोजून उपयोग नाही, मधे केबल आहे, एक्स्टेन्शन आहे, कुठेही काहीही उलटं असू शकतं.

मग ड्रायव्हरवरची नावं, हा अजून एक खड्डा. ए४९८८ आणि डीआरव्ही८८२५ हे दोन नेहमीचे ड्रायव्हर घ्या. ए४९८८ च्या बोर्डावर २बी २ए १ए १बी असं लिहिलेलं असतं, इथे आकडा म्हणजे कॉइल, म्हणजे १ए आणि १बी एकाच कॉइलची दोन टोकं. डीआरव्ही८८२५ वर त्याच जागी बी२ बी१ ए१ ए२ असतं, इथे अक्षर म्हणजे कॉइल. एकाची सवय असलेला माणूस दुसऱ्यावर गेला की १ए आणि २ए ही जोडी समजून बसतो. नावं विसरा, या दोन्ही बोर्डांवर शेजारशेजारच्या पहिल्या दोन पिना एक कॉइल आणि पुढच्या दोन दुसरी, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. एल२९८ या आणखी एका ड्रायव्हरच्या बोर्डावर आउट१-आउट२ एका बाजूला, आउट३-आउट४ दुसऱ्या बाजूला, ते दिसतंच. पण एल२९८ ला तुमची मोटर लावण्याआधी कॉइलचा आकडा बघा. तो ड्रायव्हर करंट आपणहून आवरत नाही, दीड ओहमची कॉइल १२ व्होल्टवर लावली तर हिशोबाने ८ अँपिअर मागेल आणि चिपची झेप चॅनेलमागे २ अँपिअरची. ३५ ओहमची असेल तर १२ व्होल्टवर जेमतेम ०.३४ अँपिअर घेते, मग बिनधास्त. म्हणजे जोड्या शोधायला घेतलेला आकडा इथे पण कामाला येतो, तो टेपवर लिहून मोटरलाच चिकटवून ठेवा.

मीटर नसेल किंवा मीटरवर विश्वास नसेल तर हाताने पण जोडी कळते. सगळ्या वायरी मोकळ्या ठेवून शाफ्ट बोटांनी फिरवा, हलके खटके जाणवतील, ते चुंबकाचे आहेत, असायचेच. आता कुठल्याही दोन वायरींची उघडी टोकं एकमेकींना पिळून जोडा आणि परत फिरवा. जोडी बरोबर असेल तर शाफ्ट एकदम जड जातो, तेलात फिरवल्यासारखा, कारण मोटर जनरेटर झाली आणि तिचा करंट त्या बंद कॉइलमध्येच फिरून शाफ्टला मागे ओढतोय. जोडी नसेल तर काही फरक नाही. जरा झपकन फिरवा, फार हळू फिरवलं तर फरक लागत नाही. हीच गंमत दोन वायरींत एलईडी लावून पण दिसते, जोडी असेल तर शाफ्ट जोरात फिरवल्यावर लुकलुकतो. ही हाताची पद्धत मला मीटरपेक्षा जास्त आवडते खरं सांगायचं तर, कारण तिच्यात कॉइल नुसती जोडलेली आहे एवढंच नाही तर काम पण करते हे कळतं. फक्त गिअर असलेल्या मोटरला करू नका, शाफ्ट फिरणार नाही आणि जोर लावला तर प्लास्टिकचे दाते तुटतील. आणि ड्रायव्हरला जोडलेली मोटर हाताने गरागरा फिरवू नका, तयार झालेलं व्होल्टेज उलटं बोर्डात जातं, बोर्डावरचा लाइट लागलेला दिसतो कधीकधी, छान दिसतं पण बोर्डासाठी चांगलं नाही.

चार वायरींचं इथे संपलं. पण जुन्या मशीनमधून मोटर काढताय म्हणजे आज ना उद्या पाच, सहा, आठ वायरींची हातात येणारच, म्हणून ते पण सांगतो.

सहा वायरी म्हणजे दोन कॉइल आणि प्रत्येकीच्या मध्यावरून काढलेली एक जादा वायर, सेंटर टॅप. मीटरने आधी तीन-तीनचे दोन गट पडतात, एका गटातली वायर दुसऱ्या गटाशी काही दाखवत नाही. मग एका गटात तीन मोजण्या करा, दोन ठिकाणी समजा १५ ओहम येईल आणि एका ठिकाणी ३०. जिथे ३० आले ती दोन टोकं, उरलेली मधली. चार वायरींच्या ड्रायव्हरवर चालवायची असेल तर दोन टोकं जोडा, मधली मोकळी सोडा आणि तिच्यावर टेप गुंडाळा, मोकळी म्हणजे उघडी नव्हे, मोटर चालताना तिच्यावर व्होल्टेज असतं. किंवा मधली आणि एक टोक वापरा, तेव्हा अर्धीच कॉइल कामाला लागते, ताकद कमी पण वेगात जरा बरी पळते कारण पूर्ण कॉइलचा इंडक्टन्स (करंट बदलायला कॉइल करते तो विरोध) अर्ध्या कॉइलच्या चौपट असतो. लेबलवरचा अँपिअरचा आकडा सहा वायरींच्या मोटरवर सहसा अर्ध्या कॉइलचा असतो, पूर्ण कॉइल वापरताना त्याच्या ०.७ पटच ठेवा, नाहीतर तेवढ्याच करंटला दुप्पट तापेल.

पाच वायरींत ते दोन सेंटर टॅप आतच एकत्र जोडलेले असतात. कॉमन शोधणं सोपं, जिचा बाकी चौघींशी आकडा सारखा आणि कमी येतो ती. पण पुढे मीटर हात टेकतो. बाकी चार टोकांपैकी कुठल्याही दोघींत दुप्पटच येतं, मग त्या एकाच कॉइलच्या असोत वा वेगवेगळ्या. इथे करंट द्यावाच लागतो. मोटरच्या व्होल्टेजइतका सप्लाय घ्या, कॉमनला प्लस, चौघींपैकी एकीला मायनस लावून ठेवा, शाफ्ट एका जागी धरला जाईल. तिला तसंच ठेवून बाकी तिघींना एकेक करून मायनसचा स्पर्श करा. एकीने शाफ्ट किंचित डावीकडे सरकेल, एकीने किंचित उजवीकडे, आणि तिसरीने सरकणार नाही. ती तिसरी पहिलीची जोडीदार, कारण एकाच कॉइलचे दोन अर्धे एकमेकांविरुद्ध ओढतात. सरकणं दिसत नसेल तर शाफ्टला कागदाची लांब पट्टी चिकटवा, लगेच दिसतं. हे सगळं चटकन उरका, मोटर तापत असते. ती छोटी निळ्या टोपीची २८बीवायजे-४८ असेल तर हे करायची गरजच नाही, लाल कॉमन, निळी-पिवळी एक जोडी, गुलाबी-नारिंगी दुसरी, लाल ते कुठलीही साधारण ५० ओहम आणि बाकी कुठल्याही दोघींत साधारण १००. अपवाद म्हणून रंगावर विश्वास ठेवायला हरकत नाही, तरी लाल तेवढी मोजून घ्या.

आठ वायरींची मोटर ही खरी परीक्षा. कॉइलचे चार वेगवेगळे तुकडे, मीटरने चार जोड्या मिळतात, सगळ्यांचा आकडा सारखा. त्यातले कुठले दोन तुकडे एका फेजचे (म्हणजे मिळून एक कॉइल होणारे) आणि कुठल्या टोकाला कुठलं टोक जोडायचं, हे दोन प्रश्न ओहमने सुटत नाहीत, आणि इथे दिशेसारखं चुकलं तर चुकलं असं नाही. एका फेजचे दोन तुकडे उलटे जोडले तर ते एकमेकांचं चुंबकत्व मारतात, इंडक्टन्स जवळजवळ नाहीसा होतो आणि ड्रायव्हरला समोर नुसती तार दिसते. मोटर काही करत नाही, ड्रायव्हर मात्र तापतो किंवा जातो.

मी हे असं करतो. मीटर एसी व्होल्टवर, मोटरचा शाफ्ट ड्रिल मशीनमध्ये धरायचा आणि हळू एकसारखा फिरवायचा. २०० स्टेपची मोटर एका फेऱ्यात ५० वेळा व्होल्टेज वरखाली करते, म्हणजे सेकंदाला एक फेरा म्हणजे ५० हर्ट्झ, साध्या मीटरला हे छान झेपतं, फार जोरात फिरवाल तर स्वस्त मीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला खोटं बोलायला लागतो. आधी एका तुकड्याचं व्होल्टेज बघा, समजा २ व्होल्ट आलं. आता त्याचं एक टोक दुसऱ्या तुकड्याच्या एका टोकाला जोडा आणि मोकळ्या राहिलेल्या दोन टोकांत त्याच वेगाला मोजा. ४ च्या आसपास आलं तर दोन्ही एकाच फेजचे आणि सिरीजसाठी (एकामागे एक जोडायला) टोकं बरोबर जोडली आहेत. जवळजवळ शून्य आलं तर फेज एकच पण टोकं उलटी. आणि २.८ च्या आसपास आलं तर दोन्ही वेगळ्या फेजचे, दोन फेजमध्ये ९० डिग्रीचा फरक असतो म्हणून १.४ पट. एका मोजणीत दोन्ही उत्तरं मिळतात. ड्रिलचा वेग एकसारखा राहत नसेल तर आकडे थोडे डुलतात, पण शून्य, १.४ पट आणि दुप्पट यांत इतका फरक आहे की चुकायला होत नाही.

काटा असलेला जुना मीटर असेल तर ड्रिलशिवाय पण जमतं. मीटर डीसीच्या सगळ्यात लहान रेंजवर एका तुकड्याला, आणि दुसऱ्या तुकड्याला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवायचा. एकाच फेजचे असतील तर काटा जोरात उडतो, नसतील तर नुसता हलल्यासारखा करतो. सेल टेकवताना, काढताना नाही, काटा पुढे उडाला तर सेलचा प्लस ज्या टोकाला आहे आणि मीटरचा प्लस ज्या टोकाला आहे ती दोन्ही सारखी टोकं, दोघांनाही सुरुवात म्हणून खूण करा. सेल काढताना काटा उलटा उडतो, ते धरून खूण केली तर सगळं उलटं होईल, आणि त्या वेळी सेलच्या वायरीची उघडी टोकं बोटांत धरली असतील तर छोटासा झटका बसतो, म्हणून लांबून धरा. पॅरललला सुरुवात-सुरुवात एकत्र, शेवट-शेवट एकत्र. सिरीजला पहिल्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीला.

हातातल्या मोटरला तीन वायरी असतील आणि तिन्ही जोड्यांत सारखाच आकडा येत असेल, तर ती बहुतेक ब्रशलेस मोटर आहे, जुन्या डिस्क ड्राइव्हमधून निघते तशी, तिला स्टेपरचा ड्रायव्हर लावत बसू नका.

तुमच्या मोटरसाठी आता एवढंच करा, सप्लाय बंद करून कनेक्टर काढा, मीटर २०० ओहमवर, आणि ड्रायव्हरकडच्या टोकाला सहाच्या सहा मोजण्या घेऊन कागदावर लिहा, १-२, १-३, १-४, २-३, २-४, ३-४. त्यातल्या बरोबर दोन ठिकाणी आकडा आणि चार ठिकाणी काही नाही असं आलं की काम झालं. एकाच ठिकाणी आकडा आला तर एक कॉइल गेली आहे किंवा कनेक्टरमधला एखादा पत्रा मागे सरकलाय, आधी पत्रा बघा. आणि दोनपेक्षा जास्त ठिकाणी आकडा आला तर मोटर अजून कुठेतरी जोडलेली राहिली आहे, किंवा दोन कॉइल आतून एकमेकींना चिकटल्या आहेत, मग ती मोटर ड्रायव्हरला लावू नका.